नऊ वर्षं काळा न पडलेला पेला

या सदरातले अनुभव मी वाचतो ते चुका काढायला. आमची सौ. वाचते आणि घाबरते. मी हातात पेन्सिल घेऊन बसतो आणि समासात लिहितो – इथे वारा असेल, इथे मांजर असेल, इथे लेखकाला ताप असेल. आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती स्वयंपाकघरातून हसतेय. हसू दे... हसण्याचा अधिकार आहे तिला. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एकीचं स्पष्टीकरण मला आजही देता येत नाही. दुसरीचं येतं, आणि तीच सांगायला जास्त जड जातेय.

आमचं घराणं चांदीच्या भांड्यांचं. नाशिकच्या सराफ बाजारामागच्या बोळात आमचं छोटं दुकान होतं. ताम्हनं, निरांजनं, पेले – नवी घडवायची आणि जुनी उजळायची. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, एक नियम होता. आपल्या उंबऱ्याबाहेर काळं भांडं जाता कामा नये. कुणी नुसतं वजन करायला आणलेलं भांडंसुद्धा अण्णा न सांगता, फुकट उजळून द्यायचे. "लोकांनी बोट दाखवलं तर ते भांड्याकडे नाही, आपल्याकडे असतं," असं म्हणायचे.

मला मात्र वेगळाच नाद होता. रविवारी सायकल काढून मी पांडवलेण्यांवर जायचो आणि तिथल्या शिलालेखांतली ब्राह्मी अक्षरं वहीत उतरवायचो. हे वेड मला एका प्राध्यापकांनी लावलं. कॉलेजात इतिहास शिकवायचे, मी त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. ते अतिशय कडक. त्यांचं एक वाक्य मला पाठ होतं – "जुन्या वस्तूवरची माती हा तिचा जन्मदाखला असतो, मधू. तो धुवायचा नसतो." एका पुरातत्त्व कार्यालयात लेखांच्या नकला काढायला माणूस हवा होता आणि सरांनी माझं नाव सुचवायचं कबूल केलं होतं. मी तेव्हा तिशीला आलो होतो. दुकानातून सुटायची ती एकच वाट होती.

१९७३ चा मार्च. दुष्काळाचं साल. लेण्यांच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसलो होतो. धोतर-सदऱ्यातला, चाळिशीचा एक माणूस समोर येऊन उभा राहिला. खांद्याला कापडी पिशवी.

"तुमी ही अक्षरं वाचता म्हनं? वरच्या राखनदारानं सांगितलं."

"थोडीफार."

त्याने पिशवीतून जुन्या लुगड्याची घडी काढली आणि उलगडली. आत एक पेला होता. तळहातावर मावेल एवढा, बुडाला गोल, काजळीसारखा काळा, अंगावर तांबूस मातीचं कवच. काठाखाली अक्षरांची एक ओळ. माझ्या वहीत होती तशीच अक्षरं.

त्याचं नाव पुंजाराम. गाव कळवणच्या पुढे, गावाचं नाव देत नाही. गावाला दुष्काळी काम निघालं होतं, पाझर तलावाचं, आणि लिहिता-वाचता येत असल्याने हा तिथे मुकादम होता. तिथेच खणताना हा पेला सापडला होता.

"हजेरी लिहितो, तवा अक्षर दिसलं की हात थांबतो," तो म्हणाला. "आमी दरसाली इथं लेण्यांवर येतो. बुद्धाच्या जागेवरली अक्षरं अन् ही अक्षरं एकच वाटली. आमच्या मानसांची वस्तू असंल तर मोडीत नको जायला. सरकारात देऊ, पन आधी काय लिवलंय ते कळू द्या. समद्या गावाला सांगून निघालोय."

मी त्याला म्हटलं, गुरुवारी दुपारी दुकानात या, सरांना बोलावतो. त्याने पेला माझ्या हातात दिला. पावती मागितली नाही.

आता खरी गोष्ट.

बुधवारी दुपारी अण्णा म्हणाले, "उद्या एवढा मोठा माणूस आपल्या उंबऱ्यात येणार आणि त्यांच्यासमोर हे असलं ठेवणार?" एवढं बोलून ते झोपायला गेले. त्यांच्यावर ढकलत नाही. सरांचं वाक्य मला पाठ होतं, अण्णांना नव्हतं. पण शिष्य मी सरांचा असलो तरी हात अण्णांचे होते. मी रिठे उकळले. चिंच भिजवली. अक्षरांतली माती दाभणाने टोकरून काढली – चुन्यासारखी घट्ट होती. मोरीतलं पाणी तांबूस झालं ते मी पाहिलं, तरी थांबलो नाही. मग ओपणीचा गुळगुळीत दगड घासून चकाकी आणली. ओळीतली मधली दोन अक्षरं बुजल्यासारखी वाटली, तेव्हा सरांना वाचायला सोपं जावं म्हणून... त्यांतून कोरणी फिरवली.

संध्याकाळी पेला असा झळकला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

गुरुवारी सर आले. भिंग काढलं. पाच मिनिटं पेला फिरवून फिरवून पाहिला. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "अक्षरांची धार बघा. काल कोरल्यासारखी आहे. मातीचा कण नाही, काळेपणाचा डाग नाही. हे सराफ बाजारातलं काम आहे. नाशिकच्याच कुणा सोनाराने लेण्यांवरची अक्षरं बघून केलंय."

पुंजाराम चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभा होता. तो माझ्याकडे बघायला लागला.

सरांनी विचारलं, "मधू, तुझ्याकडे आला तेव्हा असाच होता?"

सांगायला एक शब्द लागला असता. पण मला ते कार्यालय दिसत होतं, टेबल दिसत होतं, 'जन्मदाखला धुणारा माणूस' म्हणून सर माझं नाव खोडताना दिसत होते.

"हो सर. असाच होता."

"दादा..." पुंजाराम म्हणाला. एवढंच.

सर उठले. त्याला म्हणाले, "कोणी तरी तुम्हाला फसवलंय. नाहीतर तुम्ही आम्हाला." आणि निघून गेले.

मी पेला गुंडाळून त्याच्यापुढे केला. त्याने हात पुढे केला नाही. "घरी नेऊन काय करू? कोन मानंल आता? तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. तो कसा व्हता, ते तुमाला ठावं हाय." शांतपणे बोलला. चपला घातल्या आणि बोळातून गेला.

दोन महिन्यांनी मला ती नोकरी लागली.

पेला मी एका पत्र्याच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. दसऱ्याला हत्यारांची पूजा करताना घरची सगळी चांदी बाहेर निघते. त्या वर्षी डबा उघडला. ताम्हन काळं, अत्तरदाणी काळी, निरांजनं काळी. पेला मात्र लख्ख. मनात म्हटलं, कागदात होता म्हणून. पुढच्या वर्षी तो मुद्दाम मोरीवरच्या फळीवर उघडा ठेवला. लख्ख! तिसऱ्या वर्षी कसोटीवर घासून पाहिला. चांदी आमच्या निरांजनांसारखीच होती, त्यात वेगळं काही नव्हतं. ज्याचा बाप-आजा चांदीत गेला त्याला चांदी काळी कशी पडते ते सांगायला नको. मग मी हट्टाला पेटलो. पाण्यात गंधक आणि चुना उकळला, त्यात पेला बुडवला आणि शेजारी सौ.ची जुनी जोडवी टाकली.

"अहो, माझी जोडवी कोळशासारखी केलीत," ती ओरडली, "आणि तो तुमचा लाडका तसाच्या तसा?"

जोडवी काळी. पेला... उंबऱ्याशी उभ्या असलेल्या माणसासमोर मी सांगितला होता तसा. असाच होता.

कळवणकडचा एक शिपाई आमच्या कार्यालयात होता. त्याच्याकडून अधूनमधून कानावर यायचं. गावाने पुंजारामचं नाव 'पेलेवाला तात्या' पाडलं होतं. मुकादमी गेली. बांधाच्या भांडणात त्याने साक्ष दिली की समोरचा म्हणायचा, "याचा शब्द? नाशकात घडवून आणला असंल!" आणि लोक हसायचे. ऐकून मी फाईल उघडून बसायचो.

१९८२ च्या मे महिन्यात आम्ही इंदिरानगरला नवीन घरात जाणार होतो. सामान बांधताना सौ.च्या हाती तो डबा लागला. तिला मी लग्नाआधीची ही हकिगत कधी सांगितली नव्हती, पण बायकांना कळतं. ती म्हणाली, "हा ज्याचा आहे त्याला देऊन या. वास्तुशांत त्यानंतर करू."

मी देऊन लगेच फिरायच्या बेताने निघालो. एस.टी.ने कळवण, तिथून दुसरी गाडी, मग पायी. गावात पोचलो तेव्हा बारा वाजले असतील. ऊन नुसतं ओतत होतं. कोरड्या तलावाच्या बांधालगत कडुनिंबाखाली वीसेक माणसं बसली होती. पुंजाराम त्यांत होता. केस पिकले होते. मला ओळखून उठला.

"या दादा. बसा. पानी घ्या." नऊ वर्षांची तक्रार... एक शब्द नाही.

भिका नावाचा एक मिशाळ म्हातारा तिथे बसला होता, गावातला थट्टेखोर. त्याने माझ्या हातातला डबा पाहिला. "काय शे रे ते? तात्याना पेला?" म्हणजे तात्याचाच पेला का, असं.

मी कागद सोडला. पेला उन्हात असा चमकला की लोकांनी डोळ्यांवर हात धरले. मग जो हशा पिकला!

"दुकानातून आत्ताच आनला काय, साहेब?"

"तात्या, लय जुना हाय बघा तुमचा पेला. पांडवांनी ताक पिलं असंल यात!"

भिका म्हणाला, "नऊ वरसं झाली, अजून कोरा. तात्या, आमचं तोंड कशाला धरतो? हा पेलाच सांगून ऱ्हायलाय ना!"

पुंजाराम खाली बघत होता. आणि माझ्या लक्षात आलं की तो पेला माझीच साक्ष देतोय. मी दिली तीच खोटी साक्ष, नऊ वर्षं, न थकता.

मी उभा राहिलो. पेला उजव्या हातात होता. मोठ्याने बोललो, बोललो कसला, आवाज फाटला माझा – "हसू नका. पेला काळा होता. मातीने भरलेला होता. मी घासला. मी धुतला. आणि नोकरी जाईल म्हणून खोटं बोललो. हा माणूस पहिल्यापासून खरं सांगत होता."

मग भिकाच म्हणाला, हळू आवाजात, "साहेब... हातात बघा."

काठाकडून सुरू झालं होतं. आधी हळदीचा हात फिरल्यासारखा पिवळा. मग गुळाच्या रंगाचा. मग मोरपिसाची निळसर झाक आली, सरकत बुडाकडे गेली, आणि तिच्यामागून काळा रंग आला. मला हातात ऊब नाही, गारवा नाही, काही जाणवलं नाही. चांदीला जे व्हायला वर्षं लागतात ते एक विडी ओढून होईपर्यंत झालं. वीस माणसांसमोर, भर दुपारी! माझा घाम? उन्हाने? रोज घामेजल्या हातांनीच आम्ही चांदी घडवतो. तसं होत नाही.

पुंजाराम जवळ आला. पेल्याला बोट न लावता म्हणाला, "असाच व्हता. सापडला तवा अस्साच व्हता."

मी पेला उलटा केला आणि कारागीर जागा झाला. बुडाशी तीन ठिकाणी राखाडी ठिपके उठले होते, गोलात. झाळीचे डाग! झाळ म्हणजे चांदीला चांदी जोडायचा सांधा. तिच्यात तांबं-जस्त जास्त असतं, म्हणून ती वेगळी काळवंडते. चकचकीत पेल्यावर ती मला कधी दिसली नव्हती. याचा अर्थ, या पेल्याला खाली बैठक होती. आणि ती निखळून पडली होती.

"तात्या, सापडला ती जागा आठवते?"

"आठवते म्हंजे? नऊ वरसं, तलाव आटला की रोज तिथूनच जातो मी. तिथं आलं की मान खाली जाते, म्हनून तर पाठ झाली."

तलावाच्या पोटात, बांधापासून चाळीस पावलांवर त्याने टाचेने खूण केली. हसणारीच माणसं कुदळी घेऊन आली. भिका घमेलं घेऊन सर्वांत पुढे. कंबरभर खोल गेल्यावर भाजलेल्या विटेची कड लागली. हल्ली मिळत नाहीत अशी लांबरुंद वीट. पुंजारामने कुदळ टाकली आणि हाताने माती सारायला लागला. विटेला चिकटून एक काळं कडं होतं. बांगडीएवढं.

"कुणी हात लावू नका!" मी ओरडलो. आणि खरं सांगतो, सर्वांत आधी माझाच अंगठा पुढे गेला होता, पुसायला. मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत धरून ठेवले.

त्यावर ओलं गोणपाट पसरलं. तलाठ्याला कळवलं. आणि मी कळवणहून सरांना ट्रंककॉल लावला. सगळं सांगितलं – रिठे, दाभण, कोरणी, सगळं. सरांनी गावाचा रस्ता विचारून घेतला. मग, "उद्या येतो. काही हलवू नका."

सर तेव्हा रिटायर झाले होते. दुसऱ्या दिवशी जीपमधून उतरले आणि काठी टेकत सरळ खड्ड्यात जाऊन बसले. वीट पाहिली, आजूबाजूची लाल खापरं पाहिली. मग भिंग कड्यावर. मातीतून ठिपक्याठिपक्यांनी उमटवलेली अक्षरं दिसत होती. सरांनी खिशातून लेण्यांतल्या लेखांचे कागदावर घेतलेले ठसे काढले आणि एकेक अक्षर ताडून पाहिलं. तासभर गेला. बांधावर अख्खं गाव उभं होतं, बायका-पोरांसकट.

सगळ्या नोंदी, फोटो झाल्यावर कडं उचललं. मी बुडाचे तीन डाग दाखवले. कड्यावर तशाच तीन खुणा होत्या. न दाबता, न फिरवता पेला त्यावर बसला. इतक्या शतकांनी!

सर उभे राहिले. "सातवाहनांचा काळ. अठराशे वर्षं, थोडी इकडे-तिकडे. वर पेल्यावर लिहिलंय, भिक्षुसंघाला दान. आणि खाली कड्यावर देणाऱ्याची ओळख आहे..." इथे ते थांबले, आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लाजून हसताना पाहिलं. "नाशिकचा राहणारा, सोनार."

मग पुंजाराम असा हसायला लागला की त्याला खाली बसावं लागलं. "म्हंजे नाशकाच्या सोनारानंच घडवला की ओ! लोक नऊ वरसं खरंच बोलत व्हते!"

सगळा बांध हसला. भिकाने टोपी हवेत उडवली. कुणी तरी हलगी आणायला पळालं.

सरांनी चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर हात जोडले. "पुंजारामजी, मधूची चूक त्याने सांगितली. माझी मी सांगतो. मी पेल्याला विचारलं, मधूला विचारलं. तुम्हाला विचारलंच नाही."

"ऱ्हाऊ द्या सर," पुंजाराम डोळे पुसत म्हणाला. "आता विचारा. लय बोलनार हाय मी."

आणि बोलला. तहसील कचेरीपर्यंत हलगी वाजत गेली, पेला लाकडी खोक्यात, खोकं पुंजारामच्या मांडीवर, आणि वाटेत भेटेल त्याला तो पहिल्यापासून सांगत होता. त्यानंतर गावात बांधाचं भांडण निघालं की लोक म्हणायचे, "तात्याला बोलवा."

मी कार्यालयात लेखी जबाब दिला. नोकरी गेली नाही. काही वर्षं मला कुठल्याही जुन्या वस्तूला हात लावू दिला नाही, आणि ते योग्यच होतं.

पेला आता सरकारी संग्रहात काचेच्या कपाटात आहे. खालच्या पाटीवर सापडल्याचं ठिकाण आहे आणि 'शोधक' म्हणून पुंजारामचं पूर्ण नाव आहे. ती पाटी मी माझ्या हाताने लिहिली. नऊ वर्षं पेला काळा का पडला नाही, आणि मग विडीभर वेळात कसा पडला, हे मी रसायनशास्त्राच्या दोघा प्राध्यापकांना विचारलं. एकाने हसण्यावारी नेलं. दुसरा म्हणाला, "तुम्ही नीट पाहिलं नसेल." वीस माणसांनी नीट पाहिलं नाही, असं मी आता समासात लिहू शकत नाही.

आणखी एक राहिलं. त्या दुपारी पूर्ण पेला काळा झाला, पण ओळीतली ती दोन अक्षरं, ज्यांतून मी कोरणी फिरवली होती, ती पांढरीच राहिली. आजही पांढरी आहेत. कपाटातल्या बाकी सगळ्या चांदीवर दरवर्षी काळिमा चढतो, या दोन अक्षरांवर चढत नाही.

मागच्या वर्षी पुंजाराम तात्या नातीला पेला दाखवायला नाशिकला आले होते. आम्ही तिघं काचेसमोर उभे होतो. माझे हात आपोआप पाठीमागे गेले. मी म्हटलं, "तात्या, तेवढी दोन अक्षरं काळी झाली असती तर माझा जीव हलका झाला असता."

त्यांनी काचेला नाक लावून नीट पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या की," ते म्हणाले. "त्या सोनारानं आपलं नाव लिवलं, खाली पाटीवर माझं हाय. तुमची बी सही नको का कुठं तरी?"